मापाचा पेला

धम्मशीलानं बापाला पहिल्यांदा स्वतःच्या हातानं दारू ओतून दिली, तेव्हा तिची माय पंचफुला उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. माघाचा गारठा होता, पण शाल घ्यायलाही ती परत आत आली नाही. आत धम्मशीला दवाखान्यातून आणलेला काचेचा मापाचा पेला खिडकीच्या उजेडाकडं धरून बघत होती. दारू रेघेला टेकली तशी तिनं बाटलीचं बूच लावलं, बाटली लोखंडी पेटीत ठेवली, पेटीला कुलूप घातलं आणि मगच पेला बापासमोर धरला. सिद्धोधनचे हात इतके थरथरत होते की त्याला तो धरता येईना. शेवटी तिनंच तो त्याच्या ओठाला लावला. त्यानं डोळे मिटून घेतले.

"संध्याकाळी पुन्हा एवढीच," ती म्हणाली. "मधी कुठं घ्यायची न्हाई. घेतली तर मला कळंल."

"कळू दे की," सिद्धोधन म्हणाला. मग पुटपुटला, "तुझ्या हातानं नको होतं ग, शीले."

धम्मशीला आयुर्वेदाची डॉक्टर होती. नांदेडला शिकली, आणि शिकून झाल्यावर परभणीत वैद्य दिनकररावांच्या दवाखान्यात काम करू लागली. चुडाव्याहून सकाळची पॅसेंजर धरायची, संध्याकाळी परत यायचं. चुडाव्याच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली डॉक्टर. कुणाच्या लेकराला ताप आला तरी लोक तिच्या गाडीची वाट बघत बसायचे. अशा पोरीनं स्वतःच्या बापाला दारू वाढायची, हे वस्तीच्या गळी उतरण्यासारखं नव्हतं. तिच्या मायच्याही उतरलं नव्हतं.

सिद्धोधन चुडाव्याच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन म्हणून रिटायर झाला होता. अंगानं काटक, कमी बोलणारा. दारू त्याच्या जिंदगीत उशिरा आली. तरुणपणी त्याला चहाचंसुद्धा व्यसन नव्हतं. विहारात वंदना त्यानंच म्हणायची असा रिवाजच पडून गेला होता. पांढरा शर्ट, पांढरी विजार घालून तो पुढं बसायचा आणि त्याच्या भरदार आवाजामागं सगळी वस्ती म्हणत जायची. पालीचा एकेक शब्द तो असा स्वच्छ उच्चारायचा की शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्याही अडखळत नसत. धम्मशीला पंचशील शिकली ती त्याच्याच मांडीवर बसून.

ड्यूटी संपल्यावर झोप यावी म्हणून त्यानं कधीतरी सोबतच्या माणसाबरोबर पहिला घोट घेतला. काही वर्षं ते तेवढ्यावरच राहिलं. नोकरी संपली आणि दिवस मोकळा झाला, तशी दारू दिवसावर आली. ज्वारीच्या पोत्यामागं बाटल्या सापडू लागल्या. एका पौर्णिमेला विहारात वंदना म्हणता म्हणता सिद्धोधन पाचव्या शीलापाशी थांबला. दारूपासून दूर राहण्याचं ते शील. लोकांना वाटलं ठसका लागला. पुढच्या पौर्णिमेला तो पुन्हा तिथंच थांबला, आणि मागून म्हणणारे सगळे गप्प बसून राहिले. त्यानंतर तो विहारात गेलाच नाही. घरी बसून पिऊ लागला.

पंचफुलानं एकदा आपल्या परीनं इलाज करून बघितला होता. धम्मशीला तेव्हा पुण्याला पंचकर्माच्या शिक्षणासाठी गेलेली. पंचफुलानं नवऱ्याला मागच्या खोलीत कोंडलं. भाकरी आणि पाण्याचा तांब्या खिडकीतून द्यायची. सिद्धोधननं आधी शिव्या दिल्या, मग गयावया केली, मग तो शांत झाला. पंचफुलाला वाटलं, सुटली. पण पुढच्या दिवशी दुपारी तो ओरडायला लागला. मालगाडी घरात घुसायलीय, लेकरांना बाजूला घ्या, असं म्हणून भिंतीवर हात आपटू लागला. अंगावरच्या न दिसणाऱ्या मुंग्या झटकू लागला. कुलूप काढून ती आत गेली तेव्हा तो जमिनीवर पडला होता, अंगाला झटके येत होते, तोंडाला फेस आला होता. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की इतकी वर्षं पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर माणूस जातोसुद्धा. सिद्धोधन वाचला. घरी आला आणि आठवडा भरायच्या आत पुन्हा प्यायला लागला.

तेव्हा धम्मशीला दिनकररावांशी बोलली. वैद्य दिनकरराव सत्तरीच्या घरातले, मूळचे बोरीचे, चांगल्या शेतीवाडीच्या घरातले. एका दुपारी पेशंट ओसरल्यावर ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, घरचाच पेशंट हाय. माझे वडील."

दिनकररावांनी चष्मा काढून ठेवला. किती वर्षं झाली, रोज किती, जेवण कसं, झोप कशी, सगळं विचारलं. झटक्याचं ऐकलं तसे ते खुर्चीत पुढं सरकले.

"मग आधी फिजिशियन," ते म्हणाले. "रक्त, लिव्हर, सोनोग्राफी, सगळं होऊ द्या. ते सांगतील ती इंजेक्शनं घ्यायची. झटका आलेला माणूस नुसत्या काढ्याच्या भरवशावर ठेवायचा नसतो. थोडं जरी वेगळं वाटलं तर उचलून दवाखान्यात न्यायचं. हे कबूल असेल तर पुढचं बोलू."

"कबूल हाय."

"पुढचं तुम्ही शिकलाच आहात. अंगात मुरलेली सवय हिसकून काढायची नसते. चौथाई चौथाईनं कमी करायची, आणि जेवढी कमी केली तेवढ्या जागी काहीतरी चांगलं द्यायचं. खजूर, मनुका, डाळिंब, आवळा घुसळून द्या. अंगाला तेल, डोक्यावर तेलाची धार. पोट सांभाळा. औषध अवघड नाही यात."

"अन् दारू कुणी मोजून द्यायची?"

"पेशंटच्या हातात बाटली द्यायची नाही. घरात तो ज्याचं ऐकतो, त्यानं द्यायची. कुणाचं ऐकतात ते?"

"माझंच ऐकतेत."

दिनकररावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग अवघड ते हे आहे," ते म्हणाले. "आणि आणखी एक. सुटल्यावर बेफिकीर राहू नका. सोडलेला माणूस पुन्हा जोरात प्यायला तर शरीर ते सोसत नाही. जुन्या वैद्यांनी त्या आजारांना वेगळी नावं दिलीत, ध्वंसक आणि विक्षय. पहिल्या दुखण्यापेक्षा ती वाईट."

धम्मशीलानं दवाखान्यातून सुटी घेतली. परभणीच्या फिजिशियननं तपासण्या केल्या, लिव्हरला सूज आहे म्हणून सांगितलं, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, आणि नजर ठेवून हळूहळू सोडवायला हरकत नाही असंही सांगितलं. आता राहिली ती दारू आणायची. पंचफुला आणणार नव्हती, आणि सिद्धोधनला पाठवून चालणार नव्हतं. ओढणी डोक्यावरून घेऊन धम्मशीला भरदुपारी देशीच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. आत बसलेली माणसं तिला ओळखत होती. त्यातल्या दोघांच्या लेकरांना तिनंच तपासलेलं होतं. ते खाली बघायला लागले. दुकानदारानं बाटली कागदात गुंडाळून दिली आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तुमी येऊ नका. निरोप धाडा, मी पोचती करतो." ती परत फिरली. घर येईपर्यंत कागद तिच्या घामानं ओला झाला होता.

त्या दिवशी पंचफुला तिला म्हणाली होती, "बाबासाहेबांच्या फोटूखाली बसून पोटची पोर बापाला दारू पाजणार. हेच बघायचं राहिलं होतं मला."

"माय, औषध म्हणून द्यायलेय. कमी कमी करत न्यायचीय."

"दारूला औषध म्हणलं की दारूचं औषध व्हतंय का? मी तोडली तर झटका आला म्हणून मी वाईट. तू पाजायलीस म्हणून तू शहाणी."

"तुला कुणी वाईट म्हणलं?"

"कुणी म्हणायला कशाला पायजे?" एवढं बोलून पंचफुला चुलीकडं वळली. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ पेला निघाला की ती बाहेर जायची आणि बाटली पेटीत गेल्याचा आवाज आला की आत यायची.

वस्तीत बोलणं पसरायला वेळ लागला नाही. विहाराच्या कमिटीचे नागनाथकाका एक दिवस घरी आले. भला माणूस, सिद्धोधनचा जुना दोस्त. चहा संपेपर्यंत ते इकडचं तिकडचं बोलले. मग कपबशी खाली ठेवून म्हणाले, "शीला, लोक बोलायलेत. तुझ्यावर माझा भरवसा हाय. पण लहान पोरं इचारायलीत, डॉक्टरीणबाई दारू कामून आणतेत म्हणून. त्यांना काय सांगावं?"

"खरं सांगा काका. बाबाची सुटायलीय म्हणावं."

नागनाथकाकांनी मान हलवली, पण त्यांना ते सांगता येणार नाही हे तिला दिसत होतं.

पहिले दिवस वाईट गेले. पेल्यातली दारू थोडी कमी झाली की सिद्धोधनला लगेच कळायचं. तो पाय आपटायचा, अन्न फेकायचा, तिला नाही नाही ते बोलायचा. एकदा त्यानं पेटीचं कुलूप दगडानं ठेचलं. धम्मशीला आवाज ऐकून आली तर तो हातात दगड घेऊन नुसता बसला होता. कुलूप तुटलेलं होतं, पण पेटी त्यानं उघडली नव्हती. शेजारच्या पोरानं दुसरं कुलूप आणेपर्यंत ती पेटीवरच बसून राहिली. ती खजूर-डाळिंबाचं पाणी करायची, तो तोंड वाकडं करून प्यायचा. पुढंपुढं मात्र तो ते मागून घ्यायला लागला. हाताची थरथर कमी झाली. भाकरी जायला लागली.

छताच्या लोखंडी पाइपाला मातीचं मडकं टांगून तिनं शिरोधारेची सोय केली होती. सिद्धोधन बाजेवर उताणा पडायचा आणि कोमट तेलाची बारीक धार त्याच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायची. तेवढा वेळ घरात कुणी बोलत नसे. अशाच एका सकाळी धम्मशीलानं विचारलं, "बाबा, तुमी प्यायला कामून लागलात? काय झालं होतं?"

कितीतरी वर्षं तिला हे विचारायचं होतं. तिच्या मनानं कारणं जुळवून ठेवली होती. रुळावर सापडलेली प्रेतं, साहेबाचा अपमान, मुलगा नसल्याचं दुःख.

सिद्धोधनचे डोळे मिटलेले होते. "काय झालं न्हाई," तो म्हणाला. "पहिल्यांदा घेतली तर बरं वाटलं. मग घेतली न्हाई की बरं वाटंना. एवढंच हाय."

"एवढंच?"

"तुला लय मोठं कायतरी पायजे होतं का?"

तिनं मडक्यात तेल ओतलं. तिला रडू येत होतं आणि ते कशाचं, हे तिचं तिला कळत नव्हतं. मोठं कारण असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

चैत्र संपता संपता पेल्यात तळाशी जेमतेम ओल दिसेल एवढीच उरली. मग एका सकाळी धम्मशीलानं पेटी उघडलीच नाही. सिद्धोधननंही मागितली नाही. तो ओट्यावर जाऊन बसला, दिवसभर बसून राहिला. संध्याकाळी पंचफुलानं त्याच्यासमोर भाकरी आणि मेथीची भाजी ठेवली आणि ती कितीतरी दिवसांनी त्याच्याजवळ बसली.

वैशाखी पौर्णिमेला नागनाथकाका घरी येऊन त्याला विहारात घेऊन गेले. पुढं बसायला लावलं. सिद्धोधनचा आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, मधूनच फाटत होता. पाचव्या शीलापाशी आल्यावर सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडं गेलं. तो थांबला. मग त्यानं ते म्हटलं, हळू, शेवटचे शब्द तर ऐकूही आले नाहीत, पण म्हटलं. बायकांच्या रांगेत पंचफुलानं पदर तोंडावर ओढून घेतला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. सिद्धोधननं दारूला हात लावला नाही. धम्मशीला पुन्हा रोज परभणीला जायला लागली. तिचं वय तिशीच्या पुढं गेलं होतं. बाप पितो हे कळलं की येणारी स्थळं परत जायची, त्यामुळं लग्नाचा विषय घरात बंदच झाला होता. आता पंचफुलानं तो पुन्हा काढला. परभणीतल्या एका कॉलेजात कारकून असलेल्या सुगतचं स्थळ आलं. साधा, सरळ मुलगा. धम्मशीलाला तो आवडला.

"पाहुण्यांना बाबाचं सांगावं लागंल," ती मायला म्हणाली.

"काय सांगायचं? सुटलीय ना आता? सुटलेल्या गोष्टीची दवंडी कामून पिटायची? गेलेली इज्जत आत्ता कुठं परत यायलीय."

"त्यांना कळायला पायजे माय. उद्या कुणी आग्रह केला तर?"

"त्यो घेणार न्हाई. मला माहीत हाय." पंचफुला जवळ सरकून म्हणाली, "तुझं एकदाचं होऊ दे बाई. मग सांग कुणाला सांगायचं ते."

धम्मशीलानं सिद्धोधनकडं बघितलं. तो खाली मान घालून पायाच्या नखाशी चाळा करत होता. त्याची मान अशी परत खाली गेलेली तिला बघवेना. ती गप्प बसली.

साखरपुडा डिसेंबरात, चुडाव्याच्या विहारासमोर मांडव घालून झाला. दुपारी जेवणं उरकली. धम्मशीला नव्या साडीत बायकांच्या घोळक्यात बसली होती. सुगतचे चुलते हौशी, मोकळा माणूस. सिद्धोधनच्या खांद्यावर हात टाकून ते त्याला मांडवामागं, जीप लावली होती तिकडं घेऊन गेले. पुढं काय झालं ते नागनाथकाकांनी नंतर सांगितलं. सिद्धोधन आधी नको म्हणाला. पोट बरं नाही म्हणाला. चुलते हसले.

"आता आपण सोयरे झालाव," ते म्हणाले. "एक घोट घ्या. न घेतली तर आमाला वाटंल, तुमी आमाला परकं समजताव."

हे ऐकून नागनाथकाका मांडवातून धावत येईपर्यंत ग्लास रिकामा झाला होता.

धम्मशीलानं बापाला मांडवात परत येताना बघितलं. खांद्यावरच्या रुमालानं तो तोंड पुसत होता. तो नेहमीसारखा सरळ चालत होता, पण तिच्याकडं बघत नव्हता. तिला कळलं. ओटीतले नारळ-तांदूळ सांभाळत ती तशीच बसून राहिली. बायका तिच्या हातातल्या बांगड्या बघत होत्या, रंग छान आहे म्हणत होत्या. उठून त्याच्याजवळ जायला तिला मिळालं ते पाहुणे गेल्यावर, आणि तोवर सिद्धोधन घरात नव्हता.

मधल्या महिन्यांत न प्यालेली सगळी भरून काढायची असल्यासारखा तो प्यायला. बाहेरच प्यायचा, कुठंतरी शेताच्या बांधावर, लाइनीच्या कडेला. धम्मशीलानं सुटी घेतली, पेटी पुन्हा काढली, पेला धुऊन ठेवला.

"बाबा, पुन्हा मोजून घेऊ. पयल्यासारखं. एकदा जमलंय, परत जमंल."

"न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "आता तुझ्या हाताला ती लागू देणार न्हाई मी."

"मग दवाखान्यात चला."

"कोणत्या तोंडानं?"

त्यानं खाणं सोडलं. बाजेवर पडला की उठेना. सांगितलेलं लक्षात राहीना, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. धम्मशीला त्याचे डोळे उघडून बघायची तर ते हळदीसारखे पिवळे. पोट फुगत चाललं होतं. दिनकरराव स्वतः चुडाव्याला येऊन बघून गेले आणि नाडी सोडून म्हणाले, "आजच नांदेडला हलवा." जीप ठरवून आणेपर्यंत त्याला रक्ताची उलटी झाली होती.

नांदेडच्या दवाखान्यात व्हरांड्याच्या बाकड्यावर मायलेकी बसून होत्या. पंचफुला बराच वेळ समोरच्या भिंतीकडं बघत होती.

"शीला," ती म्हणाली, "मी कोंडलं होतं तवा झटका आला. त्याच्यानंच आतलं सगळं खराब झालं का?"

"न्हाई माय."

"तू डॉक्टर हाईस. खरं सांग."

"खरं सांगायलेय. त्याच्यानं न्हाई." धम्मशीलानं तिचा हात धरला. पुढचं मायनं विचारलं नाही, आणि पाहुण्यांना न सांगायचं कुणी ठरवलं, हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही. पण दोघींच्या मनात तेच होतं.

सिद्धोधन मधेच शुद्धीवर यायचा. एकदा त्यानं धम्मशीलाला ओळखलं.

"त्या माणसाला नको म्हणायचं होतं," तो म्हणाला. "म्हणलोबी. दुसऱ्यांदा तोंडातून निघालं न्हाई. वाटलं, तुझं मोडंल."

"मोडलं असतं तर मोडलं असतं, बाबा."

"तुला वाटायलंय तसं," सिद्धोधन म्हणाला. "बापाला न्हाई वाटत."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलेलं असताना तो गेला.

वस्तीत लोकांनी सगळं केलं. खांदा दिला, विहारात त्याच्या स्मृतीसाठी पुण्यानुमोदन केलं, नागनाथकाका वंदना म्हणता म्हणता रडले. पण नळावर, दळणाच्या गिरणीत बायका बोलायच्या ते धम्मशीलाच्या कानावर यायचं. पोरीनंच आपल्या हातानं पाजली म्हणे. सुटलेल्याला कोण पाजतंय, असं कुणी म्हणालं की दुसरी म्हणायची, तिच्या इलाजानंच तर गेला. धम्मशीलानं कुणाला समजावून सांगितलं नाही. पंचफुलानं एकदा सांगायचा प्रयत्न केला, पण मधेच तिला शब्द सुचेनात आणि ती हंडा अर्धाच भरून घरी आली.

सुगत एकटाच भेटायला आला. ओट्यावर बसला. चुलत्यांनी अन्न सोडलंय, ते तोंड दाखवायला तयार नाहीत, असं म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आमाला कुणी सांगितलं का न्हाई? त्यांना माहीत असतं तर त्यांनी बाटली गावात आणलीबी नसती. आमच्या घरातबी एक माणूस असाच गेलाय."

"चुकलं," धम्मशीला म्हणाली. पंचफुला आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

लग्न मोडलं असं कुणी म्हटलं नाही. एक वर्ष थांबू, असं दोन्हीकडून ठरलं. ते वर्ष सरल्यावर तिकडून निरोप आला नाही आणि इकडूनही कुणी गेलं नाही. सुगतचं पुढच्या उन्हाळ्यात वसमतकडं जमल्याचं कळलं.

धम्मशीला परभणीला जात राहिली. पुष्कळ दिवस तिनं व्यसनाचे पेशंट घेतले नाहीत. दिनकरराव ते स्वतः बघायचे, तिला काही म्हणायचे नाहीत. एकदाच ते म्हणाले, "इलाज लागू पडला होता, धम्मशीला. हे तुम्ही विसरू नका."

"सर, माणूस वाचला न्हाई तर इलाज लागू पडला असं कसं म्हणायचं?"



मग हळूहळू ती तेही पेशंट बघायला लागली. पूर्वीसारखीच माहिती विचारायची, आधी फिजिशियनकडं पाठवायची, मोजून कसं द्यायचं ते घरच्यांना दाखवायची. पण आता ती आणखी एक गोष्ट सांगू लागली. सुटल्यावर लपवून ठेवू नका. पाहुण्यांना, सोयऱ्यांना, मित्रांना, सगळ्यांना सांगा की हा घेत नाही आणि ह्याला कुणी देऊ नका. ती एवढं बोलली की समोरची माणसं खाली बघायची. बघू, म्हणायची.

बोरीच्या तानुबाई आपल्या थोरल्या मुलाला, बालाजीला घेऊन येत होत्या. सरळ स्वभावाची शेतकरी बाई. मुलाची दारू सुटत आली होती, अंगावर मांस धरलं होतं. शेवटच्या खेपेला धम्मशीलानं त्यांनाही तेच सांगितलं. तानुबाईंनी पोराला बाहेर पाठवलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"बाई, पोराचं लगीन काढलंय. मुलीकडची माणसं लय चांगली हाईत. असं कसं सांगावं?"

"मावशी, तरीबी सांगा. माझ्या बापाचं..." एवढं म्हणून धम्मशीला थांबली. तानुबाई तिच्याकडं बघत होत्या. तिनं सगळं सांगितलं. साखरपुडा, जीप, ग्लास, सगळं. तानुबाईंनी डोळे पुसले, तिच्या हातावर हात ठेवला, औषधं पिशवीत घातली आणि सांगते म्हणाल्या.

त्या परत आल्या नाहीत. उन्हाळ्यात दिनकरराव बोरीला जाऊन आले तेव्हा धम्मशीलानं विचारलं.

"झालं की लग्न," ते म्हणाले. "मोठं झालं. मीही जेवून आलो."

"अन् बालाजी?"

"नवरदेवाला कोण एकटं सोडतंय? गराड्यातच होता. मला काही बोलता आलं नाही त्याच्याशी."

तानुबाईंनी मुलीकडच्यांना सांगितलं का, हे धम्मशीलानं विचारलं नाही. बाहेर पेशंट बसले होते. तिनं पुढच्या माणसाला आत बोलावलं.